नव्या पैशाची खूण

आमचा छापखाना पनवेलच्या बाजारपेठेतून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होता. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीलगत शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायचे कप्पे, मधे एक दार आणि त्या दारामागे आमचं बिऱ्हाड. परसात विहीर, विहिरीपुढे कुंपण आणि कुंपणापलीकडे खाडीची दलदल. मशीन बंद असलं की भरतीचं पाणी चढल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

लग्नपत्रिका, भातगिरण्यांच्या पावत्या, विड्यांच्या बंडलांची लेबलं, असलं काम आमच्याकडे असायचं. माझे यजमान, मोरेश्वर दिघे, स्वतः खिळे जुळवायचे. मी मॅट्रिकपर्यंत शिकले होते, म्हणून प्रुफं तपासणं माझ्याकडे. पद्धत साधी होती. मूळ कागद हातात धरून हे मोठ्यानं वाचायचे आणि मी छापलेल्या कागदावर बोट फिरवत ताडून बघायचे. लग्नपत्रिका असली तर मजा यायची. आकड्यांचं कोष्टक असलं की डोळे मिटायला लागायचे.

मला भुताखेतांची आवड कधीच नव्हती. माझे वडील पेणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. कुणाच्या अंगात आलं असं कळलं की ते आधी ताप बघायचे. मीही त्याच वळणाची.

सत्तावन्न सालच्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे येणार होते. रुपयाचे शंभर, आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा. पण तीन आण्यांचे एकोणीस. ते एकोणीस कसे हे सांगता सांगता भले भले अडखळत होते. प्रत्येकाला भिंतीवर लावायला कोष्टक हवं होतं. फाल्गुनातल्या एका सकाळी काशिराम आला तोही कोष्टकासाठीच.

काशिराम शेव्याकडच्या मिठागर कामगारांच्या सोसायटीचा कारभार बघायचा. मिठागरांच्या बांधांवर सोसायटीची लहान लहान दुकानं होती, धान्याची आणि तेलमिठाची. उन्हानं रापलेला, पांढरी टोपी घालणारा, शब्द मोजून बोलणारा माणूस.

"आमच्या मानसांना वाचता येत नाय," तो म्हणाला. "आकडा वलखतात. पन हा जुना का नवा, ते कसं समजायचं?"

"आकड्यापुढे 'न. पै.' छापू की," हे म्हणाले.

"अक्षर नको. खून पायजे. मानूस लांबूनशी बगंल नि म्हनंल, हा नवा पैसा. आदी खून, मंग आकडा."

ह्यांना ते पटलं. रुपयाला 'रु.' लिहितात, आण्याला आडवी-उभी रेघ आहे. नव्या पैशाला खूण का नसावी? मी चहा ठेवला. दोघं टेबलाशी वाकून बोलत होते. मी कप घेऊन आले तेव्हा टेबलावरच्या कागदावर खूण काढलेली होती आणि दोघंही तिच्याकडे समाधानानं बघत होते.

एक उभी काडी, तिच्या डोक्यापाशी डावीकडे वळलेलं शिंगासारखं टोक, खाली पोटात एक टिंब. कुठल्याच अक्षरासारखी नव्हती. तरी परकी वाटत नव्हती. पूर्वी कुठेतरी रोज बघत होतो आणि मधे विसरलो, तसं काहीसं मला वाटलं.

ह्या खुणेचा खिळा आमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. हे मुंबईला जाऊन एका ओतशाळेतून पुडकंभर ओतून घेऊन आले. शिमगा होऊन गेला होता. ह्यांनी लगेच कोष्टक जुळवायला घेतलं आणि दोन दिवस वैतागले. खूण इतर खिळ्यांपेक्षा रुंद होती. ती आकड्यापुढे बसवली की एकेरी आकडे एकीकडे सरायचे, दुहेरी दुसरीकडे. शेवटी ह्यांनी खुणेला वेगळा रकाना दिला. आणे, खूण, आकडा. वरून खालपर्यंत सगळ्या खुणा एकाखाली एक, सरळ रांगेत उभ्या राहिल्या. ओल्या शाईचं पहिलं प्रूफ मी उचललं तेव्हा ती रांग बघून मला उगाच वाटलं की ह्या कशाची तरी वाट बघत उभ्या आहेत.

आम्ही तपासायला बसलो. हे वाचू लागले.

एक आणा, मग एक शब्द, मग सहा. दोन आणे, तोच शब्द, बारा.

तीन-चार ओळी झाल्यावर मी थांबवलं. "मधे काय म्हणता तुम्ही?"

"कुठे मधे?"

"आण्यानंतर. आकड्याच्या आधी."

"काही नाही. तिथे खूण आहे. ती कशी वाचणार? सोडून देतो."

"पुन्हा वाचा."

ह्यांनी वाचलं, आणि तो शब्द पुन्हा आला. दोन अक्षरी असावा. शेवटचा स्वर लांबवलेला, अंगणातून कुणाला बोलावताना आपण लांबवतो तसा. मला स्वच्छ ऐकू आला आणि ऐकता ऐकताच निसटला. मी म्हटलं, लिहून ठेवावा. पेन्सिल घेतली, ह्यांना आणखी एक ओळ वाचायला लावली आणि कानावर पडलं ते लगेच लिहिलं. कागदावर बघितलं तर उभी काडी, डावीकडे वळलेलं टोक, पोटात टिंब.

मला हसू आलं. सकाळपासून तेच बघतेय, हात दुसरं काय काढणार? तेवढ्यावर मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी परसदारी कमळाबाई आली. कोळीवाड्यातून ती आमच्याकडे बरीच वर्षं मासळी घेऊन येत असे. आत दोरीवर कोष्टकाचे कागद वाळत टाकले होते, ते तिला दारातून दिसले.

"ह्यो कसला कागूद, वेणूताय?"

कमळाबाईला अक्षरओळख नव्हती. मी एक कागद तिच्यापुढे धरला आणि खुणेवर बोट ठेवलं. "हे काय, सांगा बघू."

तिनं बघितलं आणि तोच शब्द उच्चारला. तशाच लांबवलेल्या स्वरात, सहज, शेजारणीला हाक मारावी तसा.

"काय म्हणालात?"

"कोलंबी ताजी हाय म्हनली."

"त्याच्या आधी?"

"आदी कवा?" ती माझ्याकडे संशयानं बघू लागली. "बरं नाय का वाटत तुमाला?"

मी कोलंबी घेतली आणि दार लावलं. मनात म्हटलं, माझ्याच कानात काहीतरी झालंय. घालून घ्यावेत तेलाचे दोन थेंब.

काशिरामनं आपले कागद नेले. कोष्टक सुटसुटीत होतं, खूण नजरेत भरत होती. बाजारातल्या दुकानदारांनीही मागून नेलं. शाळेच्या मास्तरांनी वर्गांसाठी नेलं. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चैत्र लागला, नवे पैसे सुरू झाले आणि सकाळी मुलं कोष्टक घोकायला लागली. शब्द वेगळे ऐकू यायचे नाहीत, नुसती लय यायची. प्रत्येक ओळीत एका जागी सगळ्या मुलांचे आवाज एकदम मऊ व्हायचे, जणू सगळी मिळून कुणाला तरी बोलावताहेत. मी भांडी घासता घासता थांबून ऐकायची. मास्तरांना एकदा विचारलं, तर ते म्हणाले, खूण मुलं गाळूनच म्हणतात.

एक अनोळखी बाई आमच्याकडे पहिल्यांदा आली ती त्याच सुमाराला. दुपारचं जेवण उरकून हे जरा आडवे झाले होते. मी परसात गेले तर विहिरीच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं. आगरी पद्धतीचं नऊवारी लुगडं, वय चाळिशीचं, चेहरा दमलेला. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि त्यावर मिठाची पांढरी किनार वाळली होती. मिठागरातली बाई, पाणी प्यायला आली असेल असं मला वाटलं.

"कोन हाका मारतंय मला?" तिनं विचारलं.

"इथून कुणी नाही मारली."

"मारली. सकालधरनं मारताय." आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. "शाळंतशी मारतात. दुकानातशी मारतात. किती ठिकानी जायचं मानसानं?"

मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही.

"कुठल्या तुम्ही?"

तिनं विचार केला. खरोखरच विचार केला. आठवून बघितलं आणि काही सापडलं नाही हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "आता हितलीच," ती म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमीच हाका मारता नि तुमीच नाव इचारता?"

मी आत येऊन ह्यांना उठवलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. ह्यांनी तिच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बसू दे की," ते म्हणाले. "आपलं काय जातंय?"

"कोण आहे ती?"

"सोसायटीकडची असेल." आणि पुढच्या खोलीत जाताना ते तिच्याशी एक शब्द बोलले. तोच शब्द. तिनं मान हलवली.

त्यानंतर ती रोज दिसू लागली. कधी विहिरीशी, कधी मशीनच्या खोलीच्या पायरीवर. काही मागायची नाही. दिलेलं घ्यायची, पण खाल्लेलं मी कधी पाहिलं नाही. मी ह्यांना स्वच्छ सांगितलं की त्या कोष्टकात काहीतरी वावगं आहे. ह्यांनी प्रूफ काढलं, पुन्हा प्रत्येक ओळ तपासली.

"सगळं बरोबर आहे गं," ते म्हणाले. "आकडे सगळे जुळतात."

"आकड्यांबद्दल कोण बोलतंय?"

"मग कशाबद्दल?"

मला ते सांगता येईना. आकडे खरंच जुळत होते.

मग काशिराम आला. सकाळच्या प्रवासी मोटारीनं आला होता, टोपी हातात, कपाळावर घाम. आल्या आल्या त्यानं ह्यांच्यापुढे हात जोडले.

"दिघेशेठ, तुमची बाई परत न्या."

"कुठली बाई?"

"तुमच्या छापखान्यातली. आमच्या दुकानाच्या वट्यावर बसलीय. इचारलं तर सांगते, छापखान्यातशी आली."

मी मधलं दार उघडलं आणि त्याला परसाकडे घेऊन गेले. ती विहिरीच्या कट्ट्यावर होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाडीकडे तोंड फिरवलं.

काशिराम दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. 

"मी निंगालो तवा ती तितं व्हती," तो म्हणाला. "सकालची मोटार येकच. तिच्यात मीच व्हतो, वेणूबाय."

आम्ही त्याला मशीनच्या खोलीत बसवलं. पाणी प्यायल्यावर तो सांगू लागला. त्यांच्या मिठागरात रामू नावाचा कामगार आहे, त्याच्या बायकोला ह्या बाईची दया आली. ती तिला आपल्या झोपडीत घेऊन गेली. घरातली सगळी माणसं त्या बाईला हाका मारू लागली, ह्या कामाला, त्या कामाला. त्यात वाईट काही नव्हतं. पण रामूला मैना नावाची मुलगी आहे, सात-आठ वर्षांची. तिला हाक मारायचं राहून जाऊ लागलं.

"राहून जाऊ लागलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तिला इसरली. मी गेलो तवा सगली जेवायला बसलेली. पोरगी बाजूला बसलीय. तिच्यापुढं ताट नाय. मी म्हनलो, आरे, हिला वाडा की. रामू म्हनतो, हिला म्हंजे कुनाला? पोरगी बापाकडं बगतेय नि बाप भिंतीकडं."

ट्रेडलची पायपट्टी ह्यांच्याकडून चुकून दाबली गेली आणि चाक एकदा फिरून थांबलं.

"मी तिला घरी आनली," काशिराम म्हणाला. "माझी बायको तिला मैना म्हून हाक मारते. हाक मारली की रडते पोर. इतक्या जोरानं रडते की हाक मारायला भ्या वाटतं."

मी म्हटलं, "ही खूण कुणी काढली?"

"दिघेशेठनी," काशिराम म्हणाला.

"मी? छे!" हे म्हणाले. "नमुना तुम्हीच काढून दिलात. इथे बसून."

"मी नुसता म्हनलो खून पायजे. मला कुटं चितार काढता येतंय?"

"अहो, कागद तुमच्या हातात होता."

"पेन्सिल तुमच्या हातात व्हती."

दोघंही खोटं बोलत नव्हते. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या सकाळी मीही तिथे येऊन-जाऊन होते. मी आठवून बघितलं. स्टोव्हला पंप मारलेला आठवला, चहात आलं घातलेलं आठवलं, कप घेऊन दारातून येताना टेबलावरचा कागद आठवला. त्यावर खूण होती. त्याच्या आधी, त्या कागदावर, त्या टेबलावर, काही हालचाल झालेली मला आठवेना. पेन्सिल कुणाच्याच हातात आठवेना.

"कोष्टकं काढून टाकायची," मी म्हटलं. "सगळी."

"पण कोष्टक बरोबर आहे," हे पुन्हा म्हणाले. पण त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि त्यांची नजर मधल्या दाराकडे होती. मला पहिल्यांदाच भीती वाटली. बाईची नाही, ह्यांची.

बाकीचं काम थांबवून मी ह्यांना बसवलं आणि नवीन कोष्टक जुळवायला लावलं. खुणेच्या जागी साधं 'न. पै.' टाकलं. काशिराम थांबून राहिला. शाई सुकायच्या आत त्यानं कागद गुंडाळले आणि दुपारच्या मोटारीनं परत गेला. जाताना म्हणाला, जुना एकपण कागूद भिंतीवर ठेवनार नाय.

मी बाजारातून फिरले. दुकानदारांना सांगितलं, छपाईत चूक राहिली आहे, हे नवीन लावा. कुणी तक्रार केली नाही. शाळेत मास्तर म्हणाले, चूक कुठे आहे ते दाखवा, आम्हाला तर एकही सापडली नाही. मी सांगितलं, खूण सरकारी नाही. हे त्यांना लगेच पटलं.

राहिले होते ते खुणेचे खिळे.

परसात तीन विटा मांडून मी चूल पेटवली. लोखंडी भांडं ठेवलं आणि पुडक्यातले खिळे त्यात ओतले. उन्हं अजून कडक होती. ती कट्ट्यावर बसून बघत होती. मला वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर येईल. मी फुंकणी हातात घट्ट धरली होती.

शिसं हळूहळू पाझरू लागलं.

"काय करता?" तिनं विचारलं.

"वितळवतेय."

"बरं करता," ती म्हणाली. "दमली मी."

मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"पन मंग मला हाक कोन मारनार?"

तिनं ते धमकी म्हणून विचारलं नाही. उद्या दूध कोण घालणार, असं विचारावं तसं विचारलं. मला तिची दया आली. आजही मी म्हणते की त्या वेळी कुणालाही आली असती.

"तुमच्या घरची माणसं मारतील," मी म्हटलं.

"घर," ती म्हणाली आणि थांबली. मग विचारलं, "तुमाला काय म्हून हाक मारतात?"

"वेणू."

"वेणू," ती म्हणाली. जिभेवर घोळवून पुन्हा एकदा म्हणाली. "सोपं हाय."

भांड्यातला शेवटचा खिळा आडवा झाला आणि बुडाला. मी चिमट्यानं भांडं उतरवायला वाकले. सरळ झाले तेव्हा कट्ट्यावर कुणी नव्हतं. मी कुंपणाशी जाऊन बघितलं. ओहोटी लागली होती. चिखलावर दूरपर्यंत माणूस नव्हतं.

चार दिवसांनी काशिरामचा निरोप आला. दुकानाच्या ओट्यावरची बाई गेली. मैना आपल्या घरी परत गेली, आई तिला घेऊन बाजार करून आली. रामूला मधलं काहीच आठवत नाही, आणि काशिरामनंही त्याला काही सांगितलं नाही. मला बरं वाटलं. शाळेतलं घोकणं पुन्हा रुक्ष, सरळ झालं. आण्यांनंतर न. पै., न. पै. नंतर आकडा. मी कान देऊन ऐकत होते. कुठेही आवाज मऊ होत नव्हता.

ह्यांचा स्वभाव पूर्ववत झाला. वैशाखात लग्नपत्रिकांचं काम इतकं आलं की जेवायला फुरसत नव्हती. प्रुफं ते एकटेच तपासू लागले. मी एकदोनदा समोर जाऊन बसले. त्यांचं वाचन मनातल्या मनात चाललं होतं, मग मी उठून आले. घाई असेल, असं मी समजले. जेवताना बोलायचे नाहीत. मी वाढलं तर जेवायचे.

त्या दिवशी सकाळी मी चुलीशी होते. तांदूळ वैरले होते, हात ओले होते. परसाकडून कमळाबाईचा आवाज आला.

"वेणूताय! ओ वेणूताय!"

मी पदराला हात पुसले. तोंड उघडलं.

"आले, आले," परसातून उत्तर आलं. "किती ओरडता!"

मी होते तिथेच थांबले.

मागचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून कमळाबाई दिसत होती. तिनं पाटी खाली ठेवली, ऐसपैस बसली, डोक्यावरची चुंबळ काढली. तिचं तोंड विहिरीकडे होतं. विहीर दाराच्या आड होती.

"आज काय आणलंत?"

"निवट्या हायत, ताज्या."

"नकोत. आमच्या ह्यांना काटे चालत नाहीत. कोलंबी असेल तर द्या. आणि मागच्या खेपेसारखी लहान नको."

शब्द स्वच्छ होते. हाय नव्हतं, नाय नव्हतं. बोलताना मधे किंचित थांबायची सवय होती, ती माझी होती.

कमळाबाई हसली. कोलंबी मोजून टाकू लागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमालाच पयलं सांगते. भामाचं जमलं. पोरगा करंज्याचा हाय. होडी हाय सवताची."

भामा तिची धाकटी मुलगी. तिच्या लग्नाची काळजी कमळाबाई दोन वर्षं माझ्यापाशी करत होती.

"अगंबाई! खरंच?" परसातला आवाज म्हणाला. "बसा, बसा. सगळं सांगा. पत्रिका आमच्याकडेच छापायची हं."

मलाही आनंद झाला. पुढे होऊन दार उघडावं असं वाटलं; कडीपर्यंत हात गेलाही. पण कमळाबाईचं सांगणं रंगात आलं होतं, तिचे डोळे भरून आले होते, आणि अशा वेळी मधेच जाऊन दोघींचं बोलणं तोडायचं मला अवघड वाटलं.

मी दाराआड उभी राहिले. त्यांचं आटपेपर्यंत.